सुभेदारांची लाल वाटी

लालासाहेब सुभेदारांनी चोवीस वर्षं फौजेच्या रसद डेपोत काढली आणि तिथून पेन्शनीबरोबर एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे संशय. डाळीत खडा असणार, तुपात डालडा असणार आणि माल आणून देणारा हसत असेल तर दोन्ही असणार, हे ते तिथं शिकले होते. गावात आल्यावरही ही खोड गेली नाही. बायकोनं बाजारातून आणलेली कोथिंबीर ते उजेडात धरून बघत. जावई दिवाळीला पेढे घेऊन आला, तेव्हा त्यांनी आधी खोक्यावरची तारीख वाचली आणि मगच जावयाला बस म्हटलं. बनाबाई, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत म्हणायची, "ह्यास्नी सर्गात न्हेलं तरी आदी अमृताचं सॅम्पल मागतील."

असल्या माणसाचा गावाला उपयोग होतच नाही असं मात्र नाही. उंब्रजच्या अलीकडच्या त्या गावात आठ जणांनी शेततळी काढून रोहू-कटला सोडले होते. कंपनीचं तयार खाद्य परवडेना, तेव्हा आठांनी मिळून गोळ्या पाडायचं यंत्र घेतलं आणि सुभेदारांच्या गोठ्याशेजारच्या शेडात बसवलं. गोळी कोणीही पाडेल. तिच्यात काय घालायचं हीच खरी मेख. शेंगपेंड, सोयापेंड, मक्याचा भरडा, भाताचा कोंडा, आणि सगळ्यांत महागडं ते फिशमील, म्हणजे सुक्या मासळीची भुकटी. यातलं एक जरी खराब निघालं तर मासा खातो पण अंग धरत नाही, नाहीतर एखाद्या सकाळी पोट वर करून तरंगतो. म्हणून माल निवडायचं काम आठांनी एकमुखानं सुभेदारांच्या गळ्यात घातलं. त्यांनी पास म्हटलेला माल यंत्रात जायचा, रिजेक्ट म्हटलेला गाडीतून खालीसुद्धा उतरायचा नाही.

काम ते जीव लावून करत, हे कबूल केलं पाहिजे. शेंगपेंडेचा तुकडा मोडून आधी हुंगत, मग उन्हात धरून हिरवट बुरशी शोधत, कारण ती माशाचं काळीज खाते. कोंडा मुठीत दाबत; मुठीचा लाडू झाला तर माल ओला. मक्याचा दाणा दाताखाली कट्ट वाजला तरच कोरडा. फिशमील चमचाभर घेऊन पाण्याच्या ग्लासात ढवळत आणि वाळू तळाशी किती बसते ते नखानं मोजत. प्रत्येक मालाची मूठभर वानगी बरणीत घालून, वर तारीख आणि व्यापाऱ्याचं नाव लिहून फळीवर ठेवत. कशात किती मिसळायचं ते त्यांची सून अंकिता ठरवी. ती रसायनशास्त्र शिकलेली होती आणि नवरा राजस्थानात तैनात असल्यामुळं शेडाचा अर्धा भार तिच्यावरच होता. सासऱ्याला ती मामा म्हणे आणि त्यांच्या संशयाला घाबरत नसे.

फिशमील आणायचा तो कृष्णात. आटपाडीकडचा धनगर. त्याचा बाप दरसाल मेंढरं घेऊन या भागात उतरायचा आणि सुभेदारांच्या बापाच्या रानात कळप बसवायचा. मेंढरांना चारा मिळे, रानाला खत मिळे. पोरानं काठी सोडून टेम्पो धरला. कोकणात जाऊन भुकटी भरायची, घाट चढून कऱ्हाडला यायचं आणि तिथून विट्यापर्यंत तळ्यातळ्यावर पोती टाकत जायचं, हा त्याचा धंदा. बोलणं बेताचं. "माल हाय. बगून घ्या," एवढंच म्हणून तो टेम्पोच्या सावलीत बसायचा.

सुभेदारांना नेमकं हेच खुपायचं. कृष्णातचा भाव इतरांपेक्षा कमी होता. का बरं कमी? तो मालाची तारीफ करत नसे. कशी करेल, त्याला आतलं ठाऊक असणार. चार महिने माल चोख निघाला, तेव्हा तर त्यांचा संशय आणखी बळावला. आधी विश्वास बसवायचा आणि मग गळा कापायचा, ही ठेकेदारांची चाल त्यांनी डेपोत पाहिली होती.

जानेवारीत दादासोच्या तळ्यातले मासे वजनात कमी भरले. दादासो हा आठांतला सगळ्यांत मोठा बागायतदार, आणि त्याचा आवाज त्याच्या बागायतीहूनही मोठा होता. "सुभेदार, खाद्यात कायतरी खोट हाय," तो शेडात येऊन म्हणाला. अंकितानं सांगून पाहिलं की थंडीत पाणी गार पडतं, मासा कमी खातो, दरवर्षीच असं होतं. पण सुभेदारांच्या कानात 'खोट' हा एकच शब्द शिरला आणि तिथंच घर करून बसला.

"ह्यो युरिया मिसळतोय," रात्री जेवताना ते म्हणाले.

युरिया मिसळला की तपासणीत फिशमीलचा कस जास्त दिसतो, हे त्यांना माहीत होतं. अंकिता म्हणाली, पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू, आठ-दहा दिवसांत कळेल. तेवढा दम कुणाला होता? तेव्हा तिनं घरच्या घरी करायची एक युक्ती सांगितली. कच्च्या सोयाबीनच्या पिठात असा गुण असतो की ते युरियाला लागलं की युरियाचा अमोनिया होतो, आणि अमोनियानं हळद लाल पडते. "पर दोन वाट्या करायच्या, मामा. एकीत फिशमील, पीठ आन् हळद. दुसरीत नुसतं पाणी, पीठ आन् हळद. म्हंजी फरक कळतो."

"दुसरी कशाला? पाण्यावर कोण संशव घेतंय?" सुभेदार म्हणाले आणि हात धुवायला उठले.

गुरुवारी कृष्णातचा टेम्पो आला. अंकिता त्या दिवशी दाढ दाखवायला कऱ्हाडला गेली होती. सुभेदारांना तेच सोयीचं वाटलं, कारण सून मध्ये मध्ये बोलते. त्यांनी आठही जणांना बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन बनाबाईच्या मडक्यातलं मूठभर सोयाबीन घेतलं, फुंकर मारली, मिक्सरमधून काढलं. शेडाबाहेरच्या कट्ट्यावर पांढरी वाटी मांडली. वाटीत कृष्णातच्या पोत्यातलं फिशमील, पीठ, चिमूटभर हळद आणि पाणी. ढवळलं. सगळे वाकून बघत होते.

पिवळं पाणी आधी केशरी झालं आणि मग बघता बघता कुंकवासारखं लाल.

"धरला!" दादासो ओरडला आणि त्यानं मोबाइल काढून वाटीचं, पोत्यांचं आणि कृष्णातच्या तोंडाचं शूटिंग केलं.

सुभेदारांना काय वाटलं असेल? खरं सांगायचं तर आनंद झाला. चार महिने ज्या वासावर ते होते तो अखेर नाकात आला होता. कृष्णात पुढं येऊन वाटीकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चोराची भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. पण सुभेदारांनी चोवीस वर्षांत असले गोंधळलेले चेहरे पुष्कळ पाहिले होते.

"सुभेदार, आनी एकडाव बगा. कायतरी चुकतंय."

"फौजंत दुसरी ट्रायल देत न्हाईत. रिजेक्ट."

कृष्णातनं वानगीसाठी उतरवलेली दोन पोती एकट्यानं पाठीवर घेऊन परत टेम्पोत टाकली. कोणी हात लावला नाही. मग तो सुभेदारांसमोर येऊन उभा राहिला. "माझ्या बाच्या मेंढरांनी तुमच्या रानात तीस वर्सं खत टाकलं," तो म्हणाला, "त्यात कदी काय मिसळलंवतं का?"

टेम्पो गेला. संध्याकाळपर्यंत लाल वाटीचं शूटिंग उंब्रजपासून वाळव्यापर्यंत आणि तिथून विट्यापर्यंत तळीवाल्यांच्या सगळ्या मोबाइलवर फिरलं.

आता नवा व्यापारी शोधणं आलं. कऱ्हाडच्या एकानं वानगी पाठवली. सुभेदारांनी वाटी मांडली; लाल. शिरवळच्या एका दुकानातून मागवली, लाल. सांगलीहून एक जण स्वतः गाडी घेऊन आला, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात मालाची तारीफ, त्याचीही वाटी लाल. सुभेदार दर वाटीला जास्तच ताठ होत गेले. "सगळा मुलूखच चोर हाय," ते आठांना सांगत, "आन् एकदा चोर पकडल्यावर जो शब्द फिरवतो, त्यो कुटनं तरी पैसं खाऊन आलेला असतो, ह्ये ध्येनात ठेवा." आठही जण माना डोलवत. तोवर यंत्र बंद होतं आणि सगळे पुन्हा कंपनीचं महाग खाद्य आणून तळ्यात टाकत होते.

सांगलीवाला गेला त्या दुपारी अंकितानं न विचारता एक वाटी घेतली. तिच्यात नुसतं पाणी ओतलं, मडक्यातल्या सोयाबीनचं पीठ टाकलं, हळद टाकली आणि सासऱ्यापुढं ठेवली. वाटी लाल झाली.

"मामा, ह्यात फिशमील न्हाई."

सुभेदारांनी वाटी उचलून नाकाशी नेली. "म्हंजी नळाच्या पाण्यात युरिया सोडत्यात?" ते म्हणाले. अंकितानं कपाळाला हात लावला. मग त्यांचा संशय हळदीवर गेला. सांगलीची हळद आहे म्हणून काय झालं, तिच्यात काय काय घालत असतील! बनाबाईनं तिथंच पाण्यात हळद टाकून दाखवली. पिवळीधमक. आता उरलं पीठ. तिघांनीही पिठाकडं बघितलं.

"आत्या, ह्ये सोयाबीन कुटलं?" अंकितानं विचारलं.

"मडक्यातलं. बियाण्याचं. राखंत घोळून ठेवलंय."

"राखंत?"

"किडा लागू नये म्हनून. चुलीची राख लावून ठेवते मी दरसाल. माझी आई ठेवायची, ह्यांची आई ठेवायची. काय बिगाडलं?"

अंकिता खाली बसली. राखेत खार असतो, ती हळूहळू म्हणाली. जसा चुना हळदीला लागला की कुंकू होतं, तशी राख लागली तरी हळद लाल होते. युरिया असो की नसो. तिनं मूठभर सोयाबीन तीन पाण्यांनी धुतलं, उन्हात वाळवलं, दळलं. फळीवरून त्या गुरुवारच्या तारखेची, कृष्णातच्या नावाची बरणी काढली आणि दोन वाट्या मांडल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत कृष्णातचं फिशमील. तिघंही बसून राहिले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. दोन्ही वाट्या पिवळ्याच्या पिवळ्या.

सुभेदारांनी राखेचं मडकं बघितलं, वाट्या बघितल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कुणावर ढकलायला काही सापडेना. भयंकर लाज वाटली त्यांना. कृष्णातचा तो गोंधळलेला चेहरा आठवला आणि त्याचा खरा अर्थ आता कळला. ज्याला आपण काय केलं हेच माहीत नाही, अशा माणसाचा तो चेहरा होता.

"मला इचारलं असतंत तर सांगितलं असतं," बनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पर तुमी घरातल्या मानसास्नी इचारत न्हाई. आमच्यावर नुसती नजर ठेवता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते निघाले. कऱ्हाडला गाडी बदलली, विट्याला बदलली, आणि दुपारी कृष्णातच्या वस्तीवर पोचले. टेम्पो बाभळीखाली उभा होता. वर ताडपत्री आवळून बांधलेली. कृष्णात शेरडांना पाला टाकत होता. त्यानं पाणी दिलं, बाज टाकली, आणि स्वतः उभाच राहिला.

सुभेदारांनी सगळं सांगितलं. राख, मडकं, दोन वाट्या, बरणी. काही झाकलं नाही. "चुकलो गड्या," ते शेवटी म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी फौजेच्या उभ्या नोकरीत कधी उच्चारले नव्हते.

कृष्णातनं ऐकून घेतलं. हातातली फांदी शेरडापुढं टाकली. "माझा माल चोख हुता ह्ये मला ठावंच हुतं," तो म्हणाला. "मला सांगून काय उपेग? ज्येंच्यापुडं रिजेक्ट म्हनलासा, त्येंच्यापुडं बोला. तीन आठवडं झालं, एक पोतं हललं न्हाई. पोरं मोबाइल दावत्यात मला, बगा तुमचं तोंड आलंय."

"रविवारी बोलतो. तू ये."

"येतो. पर मी एक सबुद बोलणार न्हाई."

रविवारी सकाळी आठही जण कट्ट्याभोवती जमले. कृष्णात आला होता, पण रस्त्यापलीकडं टेम्पोला टेकून उभा होता. सुभेदारांनी या वेळी तीन वाट्या मांडल्या. राखेच्या सोयाबीनची एक, नुसत्या पाण्याची. ती लाल झाली. धुतलेल्या सोयाबीनच्या दोन, एकीत पाणी, एकीत कृष्णातचं फिशमील; त्या पिवळ्या राहिल्या. त्यांनी समजावून सांगितलं. मग ताठ उभे राहून, डेपोत हजेरी देत त्या आवाजात म्हणाले, "चूक माझी हाय. कृष्णात चोख हाय. ज्यानं त्यानं आपल्या मोबाइलवर ह्ये बी टाका."

कुणीही मोबाइल काढला नाही. तानाजी नावाचा एक तळीवाला वाट्यांकडं न बघता सुभेदारांकडंच बघत होता.

"सुभेदार," तो म्हणाला, "बुदवारी तुमी कऱ्हाडच्या स्टँडवर विट्याच्या गाडीत चढत हुता न्हवं? मी बगितलं."

"व्हय. ह्येच्याकडं गेलोवतो. माफी मागाय."

"आन् तितनं आल्यावरच वाटी पिवळी झाली."

"आदीच झाली. मंगळवारी. म्हनून तर गेलो."

"त्ये कुनी बगितलं?" दादासोनं विचारलं. "तुमच्या घरच्यांनी?"

अंकिता पुढं झाली. पुन्हा करून दाखवते म्हणाली, आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तानाजी हसला. "वाट्या तुमच्या, पीठ तुमचं, हाळद तुमची. करा की दहा डाव." दादासो एक पाऊल जवळ आला आणि आवाज बारीक करून, जणू सुभेदारांची अब्रू राखतोय असा, म्हणाला, "खरं सांगा, कितीला जमलं?"

सुभेदारांच्या मस्तकात तिडीक गेली. तीस माणसांची प्लाटून उभी करून दादासोला चोपावा असं वाटलं. पण दादासोच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. याहून आधी विचारलं असतं. गेले सहा महिने या आठ जणांना त्यांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं, आणि ते चांगले शिकले होते. आपण पैसे खाल्ले नाहीत हे दाखवायला कुठली वाटी मांडायची, ते त्यांना माहीत नव्हतं.

"मी एक पैसा घेतला न्हाई," ते म्हणाले. आपल्याच कानांना ते खोटं वाटलं.

"आमी कुटं म्हनतोय घेतला म्हनून," दादासो म्हणाला. "पर आजपास्नं माल आमी बगतो. तुमी इसावा घ्या." त्यानं हात पुढं केला. सुभेदारांनी शेडाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून त्याच्या हातावर ठेवला. बनाबाई दारातून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

रस्ता ओलांडून कृष्णात आला. एक शब्द बोलणार नाही म्हणाला होता आणि इतका वेळ बोललाही नव्हता. तो कुणाकडं न बघता सुभेदारांजवळ आला आणि म्हणाला, "चला, च्या घेऊ."

सुभेदारांना स्वच्छ कळत होतं. आता या माणसाबरोबर समोरच्या हॉटेलात जाऊन बसणं म्हणजे दादासोच्या प्रश्नाला आपणच उत्तर देणं. आठ जोडी डोळे पाठीवर असतील. संध्याकाळपर्यंत विट्यापर्यंत जाईल. नको म्हणणं सोपं होतं. नको म्हटलं तर कदाचित आठांतल्या दोघांना तरी पटलं असतं. त्यांनी कृष्णातच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यात काही शोधावं असं त्यांना वाटलं नाही.

"चल," ते म्हणाले.

"निगाले बगा जोडीनं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि कोणीतरी हसलं. सुभेदारांनी मागं बघितलं नाही. हॉटेल शेडासमोरच होतं, तिथून कट्टा दिसे आणि कट्ट्यावरून हॉटेल. दोघं बाहेरच्या बाकड्यावर बसले. चहा आला. दोघांनी तो सावकाश, बशीत ओतून प्याला. बोलणं फारसं झालं नाही. कोकणात यंदा मासळी कशी आहे, घाटात रस्ता कुठं खचलाय, एवढंच. चहा संपल्यावर कृष्णातनं खिशातून नोट काढली आणि हॉटेलवाल्यापुढं धरली. पलीकडं कट्ट्यावर दादासोनं मोबाइल वर केलेला सुभेदारांना दिसला. त्यांनी कृष्णातचा हात धरला नाही. त्याला पैसे देऊ दिले.